'तालुका निवडा': वेबसाइटींनी केलेल्या छळाचे अनुभव

काल रात्री जेवणं आटोपून विम्याचा हप्ता भरायला बसले. पत्त्याच्या पानावर राज्य महाराष्ट्र, जिल्हा मुंबई शहर, इथपर्यंत सगळं सुरळीत. त्याखाली लाल चांदणीसकट 'तालुका'. यादी उघडली तर कोरी. असणारच, मुंबई शहर जिल्ह्याला तालुकेच नाहीत. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तिन्ही उपनगर जिल्ह्याचे. पण तालुका भरल्याशिवाय 'पुढे' दाबलं जाईना. तीन पिढ्या गिरगावात काढून शेवटी मी मुकाट्याने उपनगर आणि कुर्ला निवडलं, तर म्हणे पिनकोड जुळत नाही. ४००००४ कुर्ल्याशी कसा जुळेल? या खटाटोपात वेळ संपली, पान बंद झालं, पुन्हा श्रीगणेशा. हप्ता राहिला तो राहिलाच. ज्यांना माझा पत्ता धड लिहून घेता येत नाही, ते क्लेमच्या वेळी काय दिवे लावणार, हा किडा मात्र डोक्यात शिरलाय.

तुमचं कुठे अडलं ते लिहा. कंपनीचं नाव नको, नेमकी अडचण सांगा.

विरार फास्ट

माझं भांडण फुलीशी आहे. सकाळची गर्दी, एका हातात वरची कडी, दुसऱ्यात मोबाइल. साइट उघडली की 'आमचं ॲप घ्या'. ते घालवलं की कुकीज. मग 'सूचना पाठवू का?' आणि तळाशी 'मी तुमची काय मदत करू' म्हणत टपलेला रोबो. प्रत्येकाची फुली मुगाच्या दाण्याएवढी, तीही राखाडीवर राखाडी. अंगठा हुकला की जाहिरातच उघडते. विरारला उघडलेल्या साइटवर भाईंदरची खाडी आली तरी चपलेची किंमत दिसली नव्हती.

दादरकर वहिनी

गणपतीच्या आदल्या दिवशी २१ उकडीचे मोदक मागवायला गेले. ३५ रुपये नग, म्हणजे ७३५. नाव, पत्ता, वेळ, सगळं भरून पैशांच्या पानावर आले तर ८७९! पॅकिंग ४५, 'हाताळणी' २९, घरपोच ६०, आणि दहा रुपये देणगी, जिच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली. दहा रुपयांचं काही नाही हो, पण माझ्या वतीने धर्म करणारे तुम्ही कोण? वर घड्याळ उलटं पळतंय, 'फक्त ४ मिनिटं शिल्लक'. पान परत उघडलं तर पुन्हा दहापासून सुरू.

विरार फास्ट

वहिनी, याविरुद्ध नियम आहेत. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. न विचारता टोपलीत वस्तू किंवा देणगी सरकवणं, खर्च शेवटी उघड करणं, खोटी घाई लावणं, तिन्ही त्यात येतात. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करा.

दादरकर वहिनी

करीन सावकाश. तेव्हा पिशवी घेतली आणि कोपऱ्यावरच्या काकूंकडून मोदक आणले.

परळचा आजोबा

एका साइटवर भाषा मराठी केली. 'सबमिट'च्या जागी आलं 'शरण जा'. कोणाला, ते लिहिलं नव्हतं. इंग्रजीवर परत आलो.

लोअर परळ, नऊ ते नऊ

मी साइटी तपासण्याचं काम करतो, त्यामुळे थोडी कबुली. आम्ही ऑफिसच्या वायफायवर, मोठ्या पडद्यावर तपासतो. एकदा कस्टमर केअरला फोन यायला लागले, 'पुढे कुठे दाबू?' आम्हाला बटण ढळढळीत दिसत होतं. शेवटी हाउसकीपिंगच्या मावशींचा फोन मागून घेतला. मोबाइल नंबर टाकायला कीपॅड वर आला की बटण बरोब्बर त्याच्याखाली जायचं, आणि पान सरकायचं नाही. तीन आठवडे लोक तिथूनच परत जात होते! पॉपअपचं म्हणाल तर ॲपवाल्यांचं टार्गेट वेगळं, जाहिरातवाल्यांचं वेगळं, प्रत्येकाला पहिला पडदा हवा. साइटी वापरायला सोप्या कशा कराव्यात याचा जाणकार जेकब नील्सन, त्याने १९९३मध्येच लिहून ठेवलंय की उत्तराला एका सेकंदाहून जास्त लागलं की माणसाची तंद्री मोडते, दहा सेकंदांनंतर तो दुसरीकडे बघायला लागतो. मीटिंगमध्ये हे सांगितलं की सगळे माना डोलावतात आणि आणखी एक बॅनर लावायला सांगतात.

चेंबूर

मला दिसत नाही. फोनमधलं टॉकबॅक पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवतं, ते जे वाचतं तेवढीच माझी साइट. किराण्याच्या एका साइटवर ते वाचत होतं, 'बटण. बटण. बटण. बटण.' चित्रांची बटणं केली, पण कोणीही त्यांना नाव दिलं नव्हतं. तिसरं बटण 'रिकामी करा'चं निघालं, अर्ध्या तासाची यादी गेली. केवायसीत 'डोळे मिचकावा' म्हणतात तेव्हा तर हसावं की रडावं कळत नाही. ३० एप्रिल २०२५ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि डोळे मिचकावण्याला पर्याय द्यायला सांगितलं. निकाल मी ऐकला, बटणं अजून तशीच आहेत.

बोरिवली पूर्व

बाबा ७४ वर्षांचे. मागे मेसेजमधल्या लिंकवरून खोट्या बँकेच्या साइटवर गेले होते, ओटीपी टाकताना मी हात धरला. ती साइट लोण्यासारखी चालत होती हो! गेल्या महिन्यात खऱ्या बँकेच्या साइटवर बसलो, तर स्पेलिंग चुकलेलं, फोटो चढेना, आणि मध्येच वरचा पत्ता बदलून भलत्याच नावाचं पान. बाबांनी लॅपटॉप मिटला, "चोरांची आहे ही." रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं होतं, म्हणून पत्त्याचा शेवट बघायचा, हे त्यांना समजावलं. ते म्हणाले, "शेवट कसला बघतेस, आधी सुरुवात तर धड करू दे." आता पासबुक घेऊन शाखेत जातात, दीड तास बाकावर बसतात.

गिरगाव (धागा मीच काढला)

तालुक्याचं पुढचं. कस्टमर केअरच्या मुलीने त्यांच्या बाजूने भरून दिलं, हप्ता गेला. पावती आत्ताच आली. पत्ता: गिरगाव, तालुका बोरिवली.