कॅम्पिंग ट्रेलरचा घाण पाण्याचा पाईप ठेवायचा कुठं?

मंडळी, टॉयलेट टाकी रिकामी करायचा ३ इंची होज (लवचिक पाईप) सध्या बादलीत कोंबून ठेवतो, परवा सोलापूरहून तुळजापूरला जाताना बादली उलटली अन् बायको अजून बोलंना. काय जुगाड करू?

– होज आत सरकवून ठेवायला पीव्हीसी पाईप बसवा. ११० एमएमचा घेऊ नका, मी फसलो, होज जातो पण टोकाचं कपलिंग (जोड) अडकतं. १६० चा घ्या, चासीखाली क्लॅम्पनं आडवा बसवा, एका टोकाला आट्यांचं (फिरवून बसवायचं) झाकण.

– आधी होज धुऊन निथळू द्या अन् त्या पीव्हीसी पाईपला खालून भोकं पाडा राव, नायतर वास! होज उघडा टांगू नका, आपल्याकडं मे मधलं ऊन चाळीसच्या वर, प्लॅस्टिक तडकतं.

– पीव्हीसी पाईपची लांबी किती?

– होज दाबून मोज, वर वीतभर धर. पिण्याच्या पाण्याची नळी मात्र त्यात नको बाबा.