मदत हवी आहे: आरटीईत लेकीचा नंबर लागलाय, पण शाळा वरचे पैसे मागतेय. प्रवेश घ्यावा का?

मोगरा_चिंचवड

नमस्कार मंडळी. यंदा पहिलीसाठी आरटीई २५ टक्क्यांचा (शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या राखीव मोफत जागांचा) फॉर्म भरला होता. दहा शाळा टाकल्या होत्या, त्यातली एक लॉटरीत लागली. इंग्रजी माध्यम, सीबीएसई, घरापासून साधारण अडीच किलोमीटर. आमचा जातीचा दाखला ओबीसीचा, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्याची भानगड नव्हती. मिस्टर चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत, मी घरी शिवणकाम करते.

मेसेज आला तेव्हा घरात पेढे वाटून झाले. मग शाळेत चौकशीला गेले. काउंटरवरच्या मॅडमनी एक छापील चिठ्ठी हातात दिली. ट्यूशन फीसमोर 'आरटीई: शून्य'. त्याच्या खाली पुस्तकांचा संच ७,८००, गणवेश (दोन जोड, बूट, पीटीचा वेगळा) ५,४००, स्मार्ट क्लास ४,०००, अ‍ॅक्टिव्हिटी ६,५००. एकूण २३,७००. व्हॅनचे महिन्याला १,८०० वेगळे. चिठ्ठीवर शाळेचा शिक्का नाही, सही नाही, तारीखसुद्धा नाही. पावती मिळेल का विचारलं तर "आधी कागदपत्रं तपासून आणा" म्हणाल्या. वर "सरकार आमचे पैसे देत नाही, मग आम्ही कुठून आणायचे" हेही ऐकवलं.

दुसरीकडे, चालत दहा मिनिटांवर एक अनुदानित मराठी शाळा आहे. पहिलीपासून सेमी इंग्रजी, दहावीपर्यंत तिथेच. शेजारच्या दोघी मुली जातात, चांगलं चाललंय त्यांचं. सासूबाईंचं मत तिथेच घाला. मिस्टर म्हणतात नंबर लागलाय तर सोडायचा नाही.

मला विचारायचंय ते असं. हे वरचे पैसे द्यावेच लागतात का? आठवीनंतर काय होतं? धाकट्याला पुढे त्याच शाळेत मिळेल का? आणि एका ओळखीच्यांनी सांगितलं की घराजवळ अनुदानित शाळा असली तर खासगीतला आरटीई प्रवेश रद्द होतो. हे खरं आहे का?

निवृत्त_केंद्रप्रमुख

अभिनंदन ताई. आधी एक काम करा, बाकी वाद नंतर. पडताळणी समितीकडे मूळ कागद घेऊन मुदतीत जा. निवड यादीत नाव येऊनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांत तुमचा विचार होत नाही. शाळेशी बोलणी फिसकटली म्हणून तारीख हुकवणारे पालक मी दरवर्षी पाहिलेत.

आता ओळखीच्यांच्या बातमीबद्दल. ती अगदीच हवेतली नाही, पण शिळी आहे. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट. कर्नाटकाने आधी तसंच केलं होतं. त्या वर्षी पालकांना पोर्टलवर बहुतेक जिल्हा परिषदेच्या, मनपाच्या आणि अनुदानित शाळाच दिसू लागल्या, ज्यांत तसाही प्रवेश मिळतोच. पालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ ला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्दच केला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. तेव्हा तुमच्या गल्लीत अनुदानित शाळा आहे म्हणून कुणी प्रवेश नाकारू शकत नाही.

पैशांचं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात आड येईल अशी कुठलीही फी, आकार किंवा खर्च मुलावर लादता येत नाही. फक्त 'ट्यूशन फी' असं तिथे म्हटलेलं नाही. शिवाय केंद्राच्या २०१० च्या नियमांत २५ टक्क्यांतल्या मुलांना पाठ्यपुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत असं स्पष्ट आहे. वर्ग वेगळा किंवा वेळ वेगळी ठेवायचीही सोय नाही. सरकारने शाळेचे पैसे थकवले असतील तर तो शाळा आणि सरकार यांच्यातला हिशोब आहे. तो तुमच्या लेकीच्या दप्तरातून वसूल करता येत नाही.

काउंटरवर भांडू नका. त्या मॅडमच्या हातात काही नसतं.

उगाच_एक

६०-७० हजारांची शाळा फुकट मिळतेय, वीस-बावीस हजार गेले तर काय बिघडलं? सगळंच सरकारने द्यायचं का?

मोगरा_चिंचवड

@उगाच_एक, फी ६२,००० आहे. आणि २३,७०० म्हणजे आमच्या घरात एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. परवडत असते तर फॉर्म कशाला भरला असता?

केंद्रप्रमुख सर, खूप आभार. पडताळणीला परवाच जाते.

संस्थाचालक_खेड

मी दुसऱ्या बाजूचा. तालुक्यात छोटी इंग्रजी शाळा चालवतो, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

कलम १२(२) प्रमाणे सरकार शाळेला प्रतिपूर्ती देतं: सरकारचा स्वतःचा दर विद्यार्थी खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, जे कमी असेल ते. महाराष्ट्रात हा दर बरीच वर्षं १७,६७० रुपये राहिला. कोविडच्या २०२०-२१ ला तर तो ८,००० वर आणला. माझ्या शाळेची फी १६,००० आहे, तर मला १६,०००. ताईंना मिळालेल्या शाळेची ६२,०००, तिलाही जास्तीत जास्त दराएवढेच. म्हणजे मोठ्या शाळेला प्रत्येक आरटीई मुलामागे खड्डा, आणि आमच्यासारख्यांना खरं तर आधार. पण तो आधार वेळेवर मिळाला तर ना. हप्ता दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी येतो, तोही अर्धामुर्धा. शिक्षकांचा पगार मात्र एक तारखेला द्यावाच लागतो. दरवर्षी संघटना बहिष्काराची भाषा करतात ती यामुळे.

तरीही ताई, स्मार्ट क्लास आणि अ‍ॅक्टिव्हिटीचे पैसे देऊ नका. ते वर्गातल्या सगळ्या मुलांसाठीच आहे, तुमची मुलगी बसली म्हणून प्रोजेक्टरचं बिल वाढत नाही. पुस्तकांचं मात्र माझं मत वेगळं आहे. कायदा काहीही म्हणो, खासगी प्रकाशनाची पुस्तकं शाळा विकत आणते आणि त्यासाठी वेगळा पैसा शाळेच्या हातात येत नाही. गुजरातमध्ये आरटीईच्या पालकांच्या खात्यात पुस्तकं-गणवेशासाठी वर्षाला ३,००० रुपये जमा होतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण निदान हा खर्च असतो हे तिथल्या सरकारने मान्य केलंय. आपल्याकडे तो सरळ नाकारला जातो आणि मग शिक्का नसलेल्या चिठ्ठीवर येतो.

स्वप्नाची_आई

माझा मुलगा आरटीईतून आठवी झाला, आता नववीला आहे. म्हणून आठवीनंतरचं मी सांगते, कारण फॉर्म भरताना हे कुणीच सांगत नाही.

कायदा ६ ते १४ वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. नववीच्या पहिल्या दिवशी तुम्ही पूर्ण फीवाले पालक. तुमच्या शाळेची आज ६२,००० आहे. दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरली तर लेक नववीत जाईपर्यंत चार वेळा वाढेल, आकडा १,०८,००० च्या पुढे जातो. दहावीचा वेगळा. आठ वर्षं एका शाळेत काढलेल्या मुलाला "आता दुसरीकडे जायचं" सांगणं किती जड जातं ते मी भोगलंय. मित्र, बाई, सीबीएसईचा अभ्यासक्रम, सगळंच.

आणखी एक. आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पास होऊन यादीत आलं की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. पण ती फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना. आमचा मुलगा हुशार, उत्पन्न मर्यादेत, तरी बसता आलं नाही, कारण शाळा विनाअनुदानित. फी सरकार भरतं ते आठवीपर्यंत आणि शिष्यवृत्ती द्यायची वेळ आली की तो 'खासगीवाला'. तुमच्या त्या अनुदानित शाळेतून तुमची मुलगी बसू शकेल. शिवाय अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी नाही.

धाकट्याचं: भावंड म्हणून काही मिळत नाही. त्याचा अर्ज वेगळा, लॉटरी वेगळी. आमच्याकडे एक इकडे नि एक तिकडे, गॅदरिंग एकाच दिवशी आलं की तारांबळ.

वाळवंटातला_पुणेकर

विषयांतर होतंय, पण राहवत नाही. मी अ‍ॅरिझोनात असतो. इथे २०११ मध्ये अपंग मुलांसाठी एक खातं सुरू झालं, एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंट. २०२२ पासून ते राज्यातल्या सगळ्याच मुलांना खुलं केलं. सरकारी शाळा सोडली की तिचा बराचसा पैसा, साधारण सात हजार डॉलर, पालकांच्या हाताखालच्या खात्यात. खासगी शाळेची फी भरा, शिकवणी लावा, घरी शिकवायला पुस्तकं घ्या. शाळेच्या थकबाकीचा प्रश्नच नाही. आपल्याकडे पैसे थेट पालकांना का देत नाहीत?

निवृत्त_केंद्रप्रमुख

@पुणेकर, तिथे खासगी शाळा मुलाला नाकारू शकते की नाही?

वाळवंटातला_पुणेकर

हो, नाकारू शकते. आणि खातं घेताना सरकारी शाळेत जाणार नाही असं लिहून द्यावं लागतं. विशेष गरजा असलेल्या मुलांचे सरकारी शाळेतले काही हक्कही सुटतात. फी खात्यापेक्षा जास्त असेल तर वरचे पालकांनी घालायचे. त्यामुळे आधीपासून खासगीत असलेल्यांनीच सुरुवातीला भराभर अर्ज केले.

निवृत्त_केंद्रप्रमुख

तोच फरक आहे. आपल्याकडे पैसा उशिरा येतो, पण मुलाची निवड लॉटरी करते, शाळा नाही. मुलाखत नाही, पालकांचं शिक्षण विचारायचं नाही, देणगी मागितली तर कलम १३ खाली दहापटीपर्यंत दंड. शिंपीकाम करणाऱ्या बाईच्या हातात १७,००० रुपये देऊन ६२,००० च्या शाळेत पाठवलं असतं तर फाटकातूनच परत आली असती. असो, यावर वेगळा धागा काढा, ताईंचा प्रश्न बाजूला पडेल.

ताई, स्वप्नाच्या आईंनी सांगितलेलं नववीचं गणित खरं आहे, पण त्याला एक जोड. कलम ५ प्रमाणे मुलीला आठवीपर्यंत कधीही सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागता येते, आणि दाखला द्यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. खासगी विनाअनुदानितमध्ये मात्र अशी बदली मागता येत नाही. घर बदललं म्हणून आरटीईची जागाही सोबत येत नाही. म्हणजे इथून अनुदानितकडे जायचा रस्ता उघडा, तिथून इकडे यायचा बंद. पाचवी हा त्यासाठी बरा टप्पा, आठवीपर्यंत थांबू नका. पाचवीतच अनुदानितमध्ये आणलीत तर आठवीला एनएमएमएसलाही बसेल.

मोगरा_चिंचवड

पडताळणी झाली. भाडेकरार रजिस्टर्ड होता, अर्जाच्या तारखेच्या आधीचा आणि अकरा महिन्यांचा, त्यामुळे अडलं नाही. पुढच्या खुर्चीवरच्या एका ताईंचा नोटरीचा निघाला, त्यांना परत पाठवलं. साहेबांनी नकाशावरचं आमचं ठिकाणही पत्त्याशी ताडून पाहिलं.

घरात ठरलं ते असं की प्रवेश घ्यायचा, चौथीपर्यंत बघायचं आणि पाचवीला मुलीचा कल बघून ठरवायचं. सासूबाई अजून गप्प आहेत. व्हॅन नाही, मिस्टर सकाळी सोडतील, आणायचं मी बघेन. पुस्तकांबद्दल खेडच्या दादांचं पटलं, शाळेने नीट पावती दिली तर पुस्तकांचे देऊ. बाकीचे नाही.

पण अर्ज कसा लिहायचा? मला ते सरकारी भाषेतलं जमत नाही.

निवृत्त_केंद्रप्रमुख

हे उतरवून घ्या, कंसातलं तुमचं भरा.

"प्रति, मा. मुख्याध्यापक, (शाळेचं नाव). विषय: आरटीई २५ टक्के अंतर्गत प्रवेशित विद्यार्थिनीकडून मागितलेल्या शुल्काबाबत. महोदय, माझी मुलगी (नाव) हिची (वर्ष) साठी इयत्ता पहिलीत आरटीई अंतर्गत आपल्या शाळेत निवड झाली आहे. दिनांक (तारीख) रोजी आपल्या कार्यालयातून मला सोबत जोडलेली चिठ्ठी देण्यात आली. तीत पुस्तके, गणवेश, स्मार्ट क्लास व अ‍ॅक्टिव्हिटी यांसाठी एकूण रु. २३,७०० नमूद आहेत. सदर शुल्क कोणत्या आदेशानुसार आकारले जात आहे, हे कृपया लेखी कळवावे. लेखी उत्तर मिळेपर्यंत केवळ या कारणास्तव प्रवेश रोखू नये, ही विनंती. आपली विश्वासू, (सही). प्रत माहितीसाठी: मा. शिक्षणाधिकारी, शिक्षण विभाग, महानगरपालिका."

मुद्दाम 'बेकायदेशीर' हा शब्द घातला नाही. 'कोणत्या आदेशानुसार' एवढं विचारलं की पुरे, बहुतेक शाळा तिथेच स्मार्ट क्लास सोडून देतात. दोन प्रती काढा, चिठ्ठीची झेरॉक्स दोन्हींना जोडा. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.