सोलर पॅनल धुवायला मुलाला वर चढवतात, मेन स्विच बंद केला की झालं का? (घणसोली)

घणसोलीची_सेक्रेटरी:
नमस्कार मंडळी, जरा घाईने विचारतेय. आमची सात मजली सोसायटी, गच्चीवर लिफ्ट आणि पंपासाठी १५ किलोवॅटचं सोलर आहे, ५४० वॅटचे २८ पॅनल. खाली कपडे वाळत घालता यावेत म्हणून स्ट्रक्चर आठ फूट उंच करून घेतलं. पावसाळ्यात प्रश्नच आला नाही, पाऊसच धुऊन काढायचा, पण दिवाळीनंतर धूळ बसायला लागली, शेजारी रिडेव्हलपमेंट चालू आहे आणि त्यात कबुतरं. दिवसाला ६० च्या आसपास युनिट यायचे ते ५० वर आले म्हणून मीटिंगमध्ये ठरलं की हाउसकीपिंगचा मुलगा महिन्यातून दोनदा धुवेल.
परवा सकाळी मी सहज वर गेले तर तो पोरगा अनवाणी पॅनलवर उभा, एका हातात पाइप एका हातात खराटा, आणि शेवटची ओळ कठड्याला अगदी लागून आहे, म्हणजे तो कठड्याच्याही वर आणि पलीकडे सात मजले खाली पार्किंग. हाक मारायची हिंमत झाली नाही, दचकून पाय सरकला तर? शेवटी मी जाऊन नळ बंद केला, पाणी का थांबलं म्हणून तो वळला आणि मग मी हळूच त्याला खाली बोलावलं. १९-२० वर्षांचा मुलगा आहे हो, हात कापत होते माझे.
कमिटीतले एक काका म्हणतात मेन स्विच बंद करतो तर शॉक कसा लागेल, आणि इतके दिवस काही झालं का. मला पटत नाहीये पण नीट उत्तर देता येत नाही. जाणकारांनी सांगा.

रबाळे_वायरमन:
ताई, आधी तो मुलगा सुखरूप उतरला हे चांगलं झालं. आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. मेन स्विच बंद केला की महावितरणकडून येणारा सप्लाय तुटतो आणि इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज आपल्या नेहमीच्या एसीत बदलणारा डबा) थांबतो, पण पॅनल थांबत नाही, त्याला कुठला स्विचच नाहीये, काचेवर उजेड पडतोय तोपर्यंत तो व्होल्टेज देणारच. ५४० वॅटचा एक पॅनल कशालाही न जोडता ठेवला तर साधारण ४९ व्होल्ट दाखवतो, तुमचे २८ म्हणजे बहुतेक १४-१४ च्या दोन स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या माळा) असतील, म्हणजे एका स्ट्रिंगला ७०० व्होल्टच्या जवळपास डीसी. घरातल्या सॉकेटला २३०, हे काकांना शेजारी ठेवून दाखवा. डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनल आणि इन्व्हर्टरच्या मधला स्विच, पाडला तरी आयसोलेटरच्या पलीकडची, म्हणजे गच्चीवरची वायर जिवंतच राहते.
मग धुवायचंच नाही का, तर तसं नाही. सगळं धड असेल तर आतली वीज काच, फ्रेम किंवा वायरच्या बाहेर येत नाही, रोज पाऊस खातंच की. धोका असतो ते काही तुटलेलं असेल तेव्हा. काच तडकलेली, मागची पांढरी शीट फाटलेली, उंदराने वायर कुरतडलेली, कनेक्टर अर्धवट बसलेला आणि खाली साचलेल्या पाण्यात लोंबतोय, असं काही असेल आणि अर्थिंगही नीट नसेल तर ओला हात फ्रेमला लागायचा अवकाश. म्हणून पाणी मारण्याआधी खालून एक फेरी मारून प्रत्येक पॅनलची पाठ आणि वायर बघायची. इन्व्हर्टरवर लाल दिवा किंवा आयसोलेशनचा फॉल्ट (म्हणजे वीज कुठेतरी गळतेय) दिसत असेल तर त्या दिवशी पॅनलला हातच लावायचा नाही, आधी टेक्निशियन बोलवायचा. बंद करताना पहिल्यांदा एसी, मग डीसी आयसोलेटर. आणि चालू सिस्टिममध्ये पॅनलखालचा कनेक्टर कुणीही ओढून काढायचा नाही, डीसीचा जाळ एसीसारखा पटकन विझत नाही, हात भाजलेला माणूस मी स्वतः पाहिलाय.

मानपाड्याचा_खजिनदार:
वायरमनदादांनी शॉकचं सांगितलंय, मी पडण्याचं सांगतो, कारण माझ्या मते तुमच्याकडे खरा धोका तो आहे. ओली काच, वर साबण, १०-१५ अंशाचा उतार आणि अनवाणी पाय. बूट घालूनसुद्धा पॅनलवर उभं राहायचंच नसतं. माणसाच्या वजनाने काच फुटली नाही तरी आतल्या सेलला बारीक चिरा जातात, त्या डोळ्याला दिसत नाहीत आणि युनिट कायमचे कमी होतात, म्हणजे ज्यासाठी धुतोय तेच घालवतोय.
आमच्याकडे ठाण्यात दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. बाहेरून ज्यांना काम दिलं होतं त्यांचा माणूस बेल्ट लावून आला म्हणून आम्ही निश्चिंत, वर जाऊन बघतो तर बेल्ट फक्त कमरेचा आणि हुक अडकवलेला पॅनलखालच्या पातळ पट्टीला. ती पट्टी पॅनल धरायला असते, पडणारा माणूस धरायला नाही. त्या दिवशी काम थांबवलं. नंतर दोन ओळींच्या मधून जाळीचा वॉकवे करून घेतला, दोन्ही बाजूंना रेलिंग, आणि आरसीसी कॉलमला अँकर ठोकून स्टीलच्या दोराची लाइफलाइन. खर्च झाला, मीटिंगमध्ये बोलणीही खाल्ली, पण आता माणूस वॉकवेवर उभा राहून लांब दांड्याच्या मऊ ब्रशने धुतो, पॅनलवर पाय ठेवत नाही.
हार्नेस, म्हणजे पडताना धरून ठेवणारा पट्टा, पूर्ण अंगाचा पाहिजे. आणि त्याची दोरी किती लांब ठेवता ते फार महत्त्वाचं. आठ फुटांवरून गच्चीतच पडला तर सहा फुटी दोरी ताणली जाईपर्यंत माणूस जमिनीवर आलेला असतो. म्हणून दोरी इतकी आखूड ठेवायची की तो कडेपर्यंत पोचूच शकणार नाही. कोणी लटकलाच तर हार्नेसमध्ये जास्त वेळ लटकून राहणंही जिवावर बेतू शकतं, त्याला काही मिनिटांत वर घ्यावं लागतं, म्हणून एकट्याला कधीच पाठवू नका, गच्चीत दुसरा माणूस हवाच आणि त्याच्याकडे फोन.

ऐरोली_२०:
वरच्यांनी सगळं सांगितलंच आहे, एक राहिलं. ब्रशचा दांडा ॲल्युमिनियमचा नको, फायबरचा घ्या. आमच्या ऐरोलीत काही बिल्डिंगच्या बाजूनेच हाय टेन्शनच्या तारा जातात आणि १५-२० फुटांचा दांडा उभा करून वळवताना लक्ष राहत नाही. वेळ सकाळी आठच्या आतली. दुपारी काच ६० अंशांच्याही वर जाते, त्यावर गार पाणी मारलं तर तडकू शकते आणि माणसाला ऊन लागतं ते वेगळंच. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे डाग धरतात आणि मग घासत बसावं लागतं, म्हणजे वर जास्त वेळ. पालिकेचं टाकीतलं पाणी चालतं. प्रेशर पंप, खराटा, काथ्या काहीच नको.

वाशीची_नर्स:
कबुतरांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. वाळलेली विष्ठा सुकी खरवडू देऊ नका प्लीज. ती भुकटी श्वासात जाते, त्यातून फुप्फुसाचे गंभीर आजार होतात, काहींना कायमचा दम लागतो. आधी पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, मग मऊ ब्रशने काढा. एन-९५ मास्क, चष्मा, रबरी हातमोजे. रुमाल बांधून उपयोग नाही.
आणि शॉक लागलेल्या माणसाला धावत जाऊन धरू नका, पॅनलच्या बाबतीत स्विच पाडून वीज जाईलच असं नाही हे वर वाचलंत. कोरड्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या काठीने बाजूला करा, १०८ ला फोन लावा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा.

घणसोलीची_सेक्रेटरी:
सगळ्यांचे खूप आभार. काल काकांना घेऊन वर गेले, वायरमनदादांचं ७०० व्होल्टचं वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की मीच त्याला चढ म्हणालो होतो. दोघांनी मिळून खालून फेरी मारली तर एका पॅनलची मागची शीट खरंच फाटलेली निघाली आणि दोन कनेक्टर लोंबत होते. अजून एक विचारायचंय, ज्यांनी बसवलं त्यांनीच हे करायला नको का?

रबाळे_वायरमन:
केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून (गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणारी) केलं असेल तर बसवणाऱ्यावर पाच वर्षांच्या मेंटेनन्सची जबाबदारी असते, फाटलेला पॅनल आणि कनेक्टर त्यांच्याकडूनच करून घ्या, लेखी कळवा, फोटो जोडा. धुणं त्यात धरलेलं असेलच असं नाही, ॲग्रीमेंट वाचून बघा. तोपर्यंत त्या स्ट्रिंगचा आयसोलेटर पाडून ठेवा, आणि तो फाटलेला पॅनल व त्याच्या आजूबाजूला कोणी हात लावू नका, पाणी तर अजिबात नाही.

घणसोलीची_सेक्रेटरी:
लेखी दिलंय आज. वॉकवेचं कोटेशन मागवलंय, येत्या रविवारी मीटिंगला ठेवतेय. मधल्या ओळी गच्चीत उभं राहून लांब दांड्याने जेवढ्या पोचतील तेवढ्याच धुवायच्या ठरल्या, तेही टेक्निशियन येऊन गेल्यावर. कठड्यालगतचे सात पॅनल वॉकवे होईपर्यंत तसेच राहतील, युनिट कमी आले तर येऊ देत. त्या मुलालाही समोर बसवून सांगितलं की उद्या कमिटीतल्या कोणीही, अगदी मी जरी म्हटलं, तरी वर चढायचं नाही. त्याने फक्त विचारलं, मॅडम, पगार कापणार नाही ना. नाही कापणार.