समाजशास्त्राचा तज्ज्ञ म्हणजे नक्की कशातला तज्ज्ञ?

निवांत_प्राध्यापक: सगळी नोकरी समाजशास्त्र शिकवण्यात आणि ऊसतोड कामगारांवर काम करण्यात गेली, आता रिटायर झालोय म्हणून स्पष्ट बोलतो. आपल्याकडे ऊसतोडीवर पीएचडी केली की चॅनेलवाले त्याला आरक्षणापासून इराणपर्यंत सगळ्यावर बोलायला बसवतात, आणि तोही बसतो! बरं, स्वतःच्या विषयात तरी काय? सर्व्हेच्या फॉर्मवर 'महिलेचं स्वतःचं उत्पन्न' असा रकाना असतो. आता बीडकडून जाणारी जोडपी मोजतात कोयत्यावर, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादम उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती कोयत्याला, टनाचा हिशोबही कोयत्याचाच. बाई म्हणते, माझं येगळं कुठं काय असतंय सर. फॉर्म भरणारा पोरगा शून्य टाकतो आणि त्या शून्यावर पुण्यात रिसर्च पेपर होतो. खरं तर तिची मजुरी नवऱ्याच्या हातात पडते, ते कुठल्याच रकान्यात येत नाही. मुकादमाच्या वहीत आपल्यापेक्षा जास्त समाजशास्त्र असतं, माझं तरी हेच मत झालंय.

बांधावरून: एकदम बरोबर सर. दर हंगामात कोणीतरी फॉर्म घेऊन येतं, जात विचारणार, कर्ज विचारणार, पण रिपोर्टात काय लिहिलं ते सांगायला परत कोणी फिरकत नाही. ऊसतोडीच्या बायकांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायचं प्रकरण २०१९ ला वर्तमानपत्रात गाजलं, आमच्या बायकांना ते आधीपासून माहीत होतं. पाळीत खाडा झाला की दंड, मग काढून टाका पिशवी.

आकडेमोडे: माहीत होतं, मग काय झालं त्यानं? नीलम गोऱ्हेंची समिती बसली, बायकांची पाहणी झाली, तेव्हा कुठे फाइल हलली. वस्तीवरच्या बोलण्याला मंत्रालयात कोण विचारतं? दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ ला माणशी रोज २,२५० कॅलरीचा निकष लावून गरिबी मोजली, तीही नमुना पाहणीच्या आकड्यांवरून. कॅलरीवरून गरिबी कळते का, यावर लोक अजून भांडतात, पण भांडायला काहीतरी समोर तर ठेवलं त्यांनी. गरिबाला काय आपण गरीब आहोत हे माहीत नव्हतं?

मंजिरी_थिसिसवाली: तुम्ही दोघंही सीनियर लोकांसारखे बोलताय. २०१८ ला भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त जर्नल्सच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली हजारेक जर्नल्स तपासली, त्यातली ८८ टक्के निकषात बसलीच नाहीत. नोकरी-बढतीसाठी पेपर मोजून पॉइंट द्यायचे म्हटल्यावर लोक पैसे भरून छापणारच ना. हंगामभर कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, राहायला मला रजा कोण देणारे? फॉर्म पटकन भरून होतात, म्हणून फॉर्म.

निवांत_प्राध्यापक: मोजू नका असं कुठं म्हटलं मी? रकाना कोण ठरवतं ते विचारतोय. 'कोयत्याची उचल किती आणि कुणाच्या हातात दिली' एवढं छापा की फॉर्मवर, तोही आकडाच आहे.

आकडेमोडे: आणि मागच्या सर्व्हेशी तुलना कशी करायची? दर वेळी नवा रकाना आणला तर काय बदललं ते कधीच कळायचं नाही. तुमचा शून्य चुकीचा असेल, पण दर वेळी सारखाच चुकीचा आहे, त्याला किंमत आहे.

बांधावरून: सारखाच चुकीचा 😂 हे मुकादमाला सांगतो, हिशोबाच्या टायमाला कामी येईल त्याच्या.