प्रतिसाद: आधी कागद बदला, मग विषय शोधा

जलरंगात चित्र काढायला बसलं की कागद फुगतो, रंग मळकट होतात आणि मग ब्रश हातात घ्यावासाच वाटत नाही, अशी एका नवशिक्याची तक्रार आहे. यातला अर्धा दोष कागदाचा आहे. ड्रॉइंग वहीचा कागद जलरंगासाठी फारच पातळ. ओला झाला की लाटा येतात आणि रंग खोलगट भागात साचतो. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कागद घ्या, ए४चे चार तुकडे करा आणि चारही कडा मास्किंग टेपने पाटाला चिकटवा. तुकडा लहान असला की बिघडण्याची धास्तीही कमी.

चोवीस रंगांची पेटी तूर्त बाजूला. अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), दोनच ट्यूब: निळा जास्त तर थंड करडा, तपकिरी जास्त तर उबदार, दाट मिसळले तर जवळजवळ काळा. ८ नंबरचा गोल ब्रश पुरतो (पाण्यात उभा ठेवू नका, टोक वाकतं). विषय म्हणून समोर एक कांदा, बाजूने एकच दिवा, आणि २० मिनिटं तोच रंगवा. स्टीलचा तांब्या इतक्यात नको, चमक पकडतानाच दमछाक होते. पहिला थर पूर्ण वाळू द्या; अर्धवट ओल्यावर पाणीदार ब्रश टेकला की फुलकोबीसारखे डाग उमटतात. आठवडाभर तोच कांदा, फक्त दिव्याची जागा रोज बदला.