डेबियन १२ मध्ये 'नॉन-फ्री-फर्मवेअर' आपोआप आलंय, काढू का?

वाचनालय_चिपळूण:
नमस्कार मंडळी. वाचनालयाला देणगीत मिळालेल्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकतोय. मागे डेबियन १० टाकताना इन्स्टॉलर मध्येच अडायचा, फर्मवेअरची (वायफायसारख्या चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाईल पेनड्राइव्हवर द्या म्हणायचा. या वेळी काही न विचारता वायफाय सुरू! पण पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणारी सोर्सेसची फाईल उघडली तर 'मेन'च्या (मुक्त पॅकेजेसच्या मुख्य विभागाच्या) शेजारी 'नॉन-फ्री-फर्मवेअर', म्हणजे मुक्त नसलेल्या फर्मवेअरचा विभाग. आणि मी तर समितीला छातीठोकपणे सांगून बसलोय की यात सगळं मुक्त सॉफ्टवेअर (सोर्स कोणालाही बघता-बदलता येणारं) आहे. ती ओळ उडवली तर काय बंद पडेल?

जुना_रूट:
लगेच काहीच बंद पडणार नाही, आणि गंमत तिथेच आहे. ओळ उडवली तरी बसलेली पॅकेजेस जागेवरच राहतात, फक्त त्यांचे अपडेट यायचे थांबतात. म्हणजे बंदिस्त फर्मवेअर तसंच, वर शिळं. काढायचंच तर पॅकेज काढा. मशीनवर काय काय मुक्त नाही ते 'चेक-डीएफएसजी-स्टेटस' ही आज्ञा सांगेल (डीएफएसजी म्हणजे मुक्ततेचे डेबियनचे निकष). (याचं जुनं नाव व्हीआरएमएस, म्हणजे 'व्हर्च्युअल रिचर्ड एम. स्टॉलमन', मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणाऱ्याच्या नावावरून. डेबियनवाल्यांनाही विनोद जमतो.)

हे चोरून आलेलं नाही. २०२२ मध्ये डेबियनचेच डेव्हलपर स्टीव्ह मॅकइंटायर यांनी विषय काढला, डेव्हलपरांनी मतदान केलं, सोशल कॉन्ट्रॅक्टमध्ये (डेबियनच्या वचननाम्यात) तसं वाक्य घातलं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. त्याआधी इन्स्टॉलरची फर्मवेअरसकटची इमेज होतीच, पण 'अनधिकृत' म्हणून कोपऱ्यात. नवख्याला सापडायची नाही. मला पटलेला मुद्दा वायफायचा नाहीच. दृष्टिहीन माणूस इन्स्टॉलर आवाजावर चालवतो, आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपांत फर्मवेअर चढल्याशिवाय आवाजच फुटत नाही. त्याला 'आधी फाईल शोधून आण' कोण सांगणार?

फक्त_मुक्त:
दादा, अडचण खरी, पण मग 'सगळं मुक्त' हे नाव तरी बदला. एफएसएफच्या (स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या) मान्य यादीत डेबियन नाही. ट्रिस्केल, पॅराबोला, ग्विक्स आहेत. ते लिनक्स-लिब्रे कर्नल (बंदिस्त भाग काढलेला लिनक्सचा गाभा) वापरतात, बंदिस्त फर्मवेअर चढवतच नाहीत. समितीला शब्द दिलाय ना, मग ट्रिस्केल टाका.

जुना_रूट:
टाका की. पण त्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये, एसएसडीच्या कंट्रोलरमध्ये, कीबोर्डच्या चिपमध्ये बंदिस्त फर्मवेअर कारखान्यातूनच भरलेलं आहे. ते डिस्कवर दिसत नाही म्हणून सोवळं, आणि फाईल होऊन समोर आलं की ओवळं? उलट फाईल असेल तर निदान बदलता येते. प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याचं आतलं फर्मवेअर) घ्या. पॅकेज काढलं म्हणून तो जात नाही, चिपमधला जुना चालू राहतो. २०१८ च्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरचे काही उपाय त्याच अपडेटमधून आले. सार्वजनिक मशीनवर मी ते कधीच काढणार नाही.

फक्त_मुक्त:
मायक्रोकोडचं मान्य. पण लोक गप्प घेत राहिले तर कंपन्या सोर्स कशाला देतील? एआर९२७१ या वायफाय चिपचं फर्मवेअर २०१३ मध्ये खुलं झालंच ना? ते डेबियनच्या 'मेन'मध्येच आहे.

जुना_रूट:
हे मात्र शंभर टक्के. @वाचनालय_चिपळूण, तुमच्यासाठी हाच रस्ता: त्या चिपचा यूएसबी डोंगल घ्या आणि वायफायचं बंदिस्त पॅकेज काढा. फक्त २.४ गिगाहर्ट्झ चालेल, वाचनालयाला पुरे. मायक्रोकोड ठेवा, आणि समितीला सांगा, 'एवढं एक सोडून'. नव्या मशीनवर सुरुवातीपासूनच नको असेल तर इन्स्टॉलरच्या बूट ओळीत 'फर्मवेअर=नेव्हर' द्या, अर्थात रोमन लिपीत.

वाचनालय_चिपळूण:
धन्यवाद दोघांनाही. डोंगल कुठला मागवू?

फक्त_मुक्त:
टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२२एन, पण व्हर्जन १ च. २ पासून आत रिअलटेकची चिप आहे, खोक्यावरचं नाव तेच. स्टिकर बघून घ्या, आणि लावल्यावर 'एलएसयूएसबी'त (जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या आज्ञेत) ०सीएफ३:९२७१ हा क्रमांक दिसला नाही तर सरळ परत करा.