सार्जंट पेपरची पन्नाशीची आवृत्ती आणि दिलरुबा

बीटल्स या ब्रिटिश बँडचा १९६७चा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम पन्नाशीनिमित्त २०१७ साली नव्याने निघाला. ‘२०१७च्या आवृत्तीत नुसता आवाज वाढवलाय, पैसे वाया’ असं मत चर्चेत कुणीतरी मांडलंय, ते मला अजिबात पटलं नाही. १९६७ साली चार ट्रॅकची (चार वेगवेगळे आवाज शेजारी शेजारी मावणारी) टेप भरली की सगळं एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि त्यावर पुढचं ध्वनिमुद्रण करायचे. दर वेळी थोडी स्पष्टता जायची. मूळ अल्बमचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिनने असं एकत्र करण्याआधीच्या मूळ टेप्स काढून नव्याने मिक्स केलंय, म्हणजे सगळे आवाज पुन्हा जुळवलेत. आवाज जरा चढवलाय हे मात्र खरं.

त्या चर्चेत अल्बममधल्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्याचा उल्लेखच नाही, याचं वाईट वाटलं. त्यात दिलरुबा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) अमृत गज्जर आणि अण्णा जोशींचा, तबला नटवर सोनींचा. ही आडनावं आमच्या वडोदऱ्यात दांडिया बाजारात पाट्यांवर दिसतात, आणि १९६७च्या कव्हरवर यातलं एकही नाव नव्हतं! दोन सीडींच्या संचात या गाण्याचा पहिला टेक (पहिल्या प्रयत्नाचं ध्वनिमुद्रण) आहे, फक्त भारतीय वाद्यांचा. तो आधी ऐका. आमच्या काकांनी घरी दिलरुबा वाजवला, त्यामुळे गजाची ती घसीट माझ्या कानात पक्की आहे. इथे गाण्याच्या ओळीमागून दिलरुबा तशीच मींड घेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. मग पूर्ण गाणं लावा. जॉर्ज मार्टिनने व्हायोलिन आणि चेलोंनाही त्याच मींडेमागे धावायला लावलंय, हे नव्या मिक्समध्ये मला पहिल्यांदा वेगवेगळं ऐकू आलं. सुरसागरसमोरच्या संगीत महाविद्यालयातल्या मुलांना हे ऐकवावं असं फार वाटतं.